मुलींना लायब्ररीत न पाठवता शिकवलेली गोष्ट

मी सगळ्यांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर आमच्या बी.ए.च्या इंग्रजीच्या बाईंचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. कॉलेजच्या वार्षिकात एकदा त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत छापून आलं, तर त्यांनी ते पान उघडून पाहिलंसुद्धा नाही. "एवढं मोठं कशाला? मी काय कमी दिसणाऱ्यांना शिकवते?" एवढंच म्हणाल्या.

मी अळणावरजवळच्या एका खेड्यातला. अप्पा लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजच्या दारातून आत गेलं नव्हतं. सातवीपर्यंत मराठी शाळा, हायस्कूल कन्नड, आणि इंग्रजी म्हणजे गाईडमधली उत्तरं पाठ करायची, हीच माझी तयारी. नव्वदीच्या मध्यावर मी धारवाडला आलो आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलो.

पहिले काही महिने मला फळा दिसत नव्हता. पण तो दिसायला हवा हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, फळा लांबून असाच दिसतो, पुढचे लोक लिहून घेतात आणि मागच्यांनी त्यांचं बघून लिहायचं. एक दिवस बाई चालत माझ्या बाकापर्यंत आल्या.

"फळ्यावर काय लिहिलंय, वाच."

"बाई, इथनं कुणालाच दिसत न्हाई."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. शनिवारी तास संपल्यावर त्या मला सुभाष रोडवर चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदारानं काचा बदलत बदलत एक जोडी डोळ्यांवर बसवली आणि मी मान वर केली. बाईंच्या गालांवर देवीचे व्रण होते. इतके दिवस मी त्यांच्यासमोर बसत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. मी बघतच राहिलो.

"दिसले ना?" बाई म्हणाल्या. "मग नंबर बरोबर आहे. चल."

लपवायची गोष्ट सरळ समोर ठेवायची ही त्यांची रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आता आमच्या कॉलेजातली एक प्रथा सांगतो. मुलं डावीकडे, मुली उजवीकडे बसत. शिकवताना पुस्तकात 'तसलं' काही आलं, म्हणजे एखादी शृंगाराची ओळ, एखादी पहिली रात्र, एखादी गरोदर कुमारिका, की शिकवणारे सर पुस्तक मिटून म्हणत, "मुलींनी जरा लायब्ररीत जाऊन या." मुलींना सवयच होती. माना खाली घालून त्या वह्या उचलत आणि रांगेनं बाहेर पडत. मग सर पुढे सरकत, आवाज खाली आणत आणि मुलांना अर्थ सांगत. मुलं बाक वाजवत. थोड्या वेळानं शिपाई जाऊन मुलींना बोलावून आणी आणि तास पुढे चालू होई. याला सगळे सभ्यता म्हणत. मीही म्हणत होतो.

बाईंकडे अमेरिकन कथांचा पेपर होता. त्यात एकोणिसाव्या शतकातली एक कथा होती. लेखकाचं नाव नव्हतं. त्या काळी तिकडच्या मासिकांत बऱ्याच कथा नावाशिवाय छापत असत, असं बाईंनी सांगितलं. कथा तशी साधी. डोंगराळ भागातलं एक गाव. एका विधवेच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर. गावातले प्रतिष्ठित पुरुष ठरवतात की एकट्या बाईला विहीर सांभाळणं झेपणार नाही, तेव्हा विहिरीच्या रक्षणासाठी एक समिती हवी. समितीत न्यायाधीश असतो, डॉक्टर असतो, चर्चमधला मुख्य माणूस असतो. रविवारी हे सगळे चर्चमध्ये तहान किती पापी असते यावर प्रवचनं ऐकतात आणि बाकी दिवशी संध्याकाळी एकेकटे, आपापला पोहरा घेऊन, विहिरीची 'तपासणी' करायला जातात. कुणाचा दोर आखूड पडतो, कुणाचा पोहरा गळका निघतो, आणि प्रत्येक जण परत येऊन सांगतो की विहिरीतच खोट आहे.

बाई वाचत होत्या. तपासणीचं पान आलं तसं उजवीकडे वह्यांची सळसळ सुरू झाली. मुली आपणहून उठायला लागल्या होत्या.

"कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

"लायब्ररीत, बाई."

"का? विहिरीत कुणी पडलंय का?"

"न्हाई बाई…"

"मग बसा."

बसल्या. बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की ही मासिकं त्या काळी दिवाणखान्यात, बायकामुलांसमोर मोठ्यानं वाचली जायची. बाईच्या शरीरावर पुरुषांनी चालवलेली मालकी लिहायची म्हटली तर कोण छापणार? म्हणून लेखकांनी ती वस्तूंत लपवली. यंत्रात, धुराड्यात, विहिरीत. वाचणाऱ्या सभ्य कुटुंबप्रमुखाला पान वाचून संपेपर्यंत कळायचं नाही की आपण स्वतःचीच टर आपल्या तोंडानं उडवून घेतली. "अश्लील लिहायला कुणालाही येतं," बाई म्हणाल्या, "पण अश्लील कोण आहे हे दाखवायला असं लिहावं लागतं." मग त्यांनी विचारलं, "असं लिहिलेलं किंवा म्हटलेलं आणखी कुठे पाहिलंय कुणी?"

माझा हात कसा वर गेला मला माहीत नाही.

"बाई, आमच्याकडं लग्नात व्याह्याला गाणी म्हणतात, तसं हाय हे."

"कसली गाणी?"

मी उभा राहिलो आणि कान तापलेले असताना सांगत गेलो. आमच्याकडे नवऱ्या मुलाकडची पंगत बसली की मुलीकडच्या बायका मांडवात उभ्या राहून त्यांची चेष्टा करणारी गाणी म्हणतात. कन्नड घरांतही म्हणतात, बीगर हाडू म्हणतात त्यांना. व्याह्याची छत्री मोठी डौलाची, पण पाऊस आला तरी उघडत नाही. व्याह्याच्या मुसळाला वाळवी लागली म्हणून उखळ शेजारी गेलं. मांडवभर हशा. व्याही मान खाली घालून भात कालवत राहतो, कारण गाण्यावर रागावणं हीच मोठी नामुष्की. आणि हा तोच व्याही असतो जो घटकाभरापूर्वी घड्याळासाठी आणि अंगठीसाठी अडून बसलेला असतो, ज्याच्या पाया पडून मुलीच्या बापाचं डोकं दुखायला लागलेलं असतं. बायकांना त्याला तोंडावर बोलता येत नाही. गाण्यात येतं.

डावीकडून कुणीतरी शिटी मारली. बाईंनी तिकडे फक्त पाहिलं. मग मला म्हणाल्या, "खाली बस. आणि परीक्षेत हेच लिही. छत्रीसकट."

कॉलेजात मी तोंड उघडलेला तो पहिला तास. त्यानंतर मी एम.ए. केलं ते त्या एका तासाच्या जोरावर, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे. फॉर्म भरण्यापासून माझ्या इंग्रजीतल्या चुका दुरुस्त करण्यापर्यंत बाई मागे होत्याच. पण खरं बळ त्या तासाचं होतं. माझ्या खेड्यातल्या बायका आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा तो परका लेखक एकच काम करत होते हे कळल्यावर मला माझ्या गावाची लाज वाटेनाशी झाली.

दोन हजार सालानंतर मला हुबळीतल्या एका खासगी कॉलेजात अधिव्याख्यात्याची नोकरी लागली. कायम होण्याआधी दोन वर्षं परीक्षाकाळ होता. उणकलच्या नव्या वसाहतीत मी एक खोली घेतली. अप्पांनी वखारीत पेढे वाटले. माझी मोठी बहीण, आमची अक्का, पहिल्यांदा खोली बघायला आली तेव्हा भिंतीतलं कपाट उघडून मिटून, उघडून मिटून बघत राहिली. तिची शाळा चौथीत सुटली होती, मला सांभाळायला.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे अमेरिकन कथांचा पेपर आला आणि त्यात विहिरीची कथा होती. विभागप्रमुखांनी मला स्टाफरूममध्ये बाजूला घेतलं.

"ते विहिरीचं आहे ना, ते सोडून द्या. सेल्फ स्टडी म्हणून सांगा. प्रश्न येत नाही त्याच्यावर."

"पण सर, अभ्यासक्रमात आहे."

"अभ्यासक्रमात पुष्कळ काय काय असतंय हो. अगदीच शिकवायचं असलं तर मुलींना लायब्ररीत पाठवा."

म्हणजे प्रथा हुबळीतही होती. मी मान हलवली आणि वर्गात जाऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलामुलींना एकत्र बसवून कथा सुरू केली. बाईंनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. कुणी बाक वाजवला नाही. सगळेच हजर असले की बाक वाजवायला मजा येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

कथा संपायला थोडी पानं उरली होती. तास संपताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी येताना घरी विचारून या. तुमच्या आज्ज्या, मावश्या लग्नात व्याह्यांना कोणती गाणी म्हणत होत्या? एकेक गाणं तोंडपाठ करून या."

आता यात धोका आहे हे मला का कळलं नाही? कारण आमच्याकडे ती गाणी मांडवात लाउडस्पीकर लावून म्हणतात. मला वाटलं, सगळ्यांकडेच तसं असणार. शहरातल्या प्रतिष्ठित घरांत ती गाणी दोन पिढ्यांपूर्वीच बंद झाली आहेत आणि ती म्हणणाऱ्या बायका मात्र अजून जिवंत आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी देशपांडे नगरातली. वडील नामांकित वकील. त्या दिवशी त्यांच्याकडे धारवाडहून दोन वजनदार पाहुणे जेवायला होते. मुलीनं पानावर बसल्या बसल्या सहज विचारलं, "आज्जी, तू लग्नात व्याह्यांना काय गाणी म्हणत होतीस गं? सरांनी विचारून यायला सांगितलंय." आज्जी ऐंशीच्या घरात. घरात तिला कुणी काही विचारून बराच काळ लोटला असावा. तिनं घास खाली ठेवला, पदर खोचला आणि सुरुवात केली. मुलीनं मला नंतर सांगितलं, "सर, आज्जीनं छत्रीचं म्हटलं, मग हंड्याचं म्हटलं, मग आमचे अप्पा तिला म्हणाले 'अव्वा, साकु', पुरे आता, तर त्यांच्याकडे हात करून आणखी एक म्हटलं. त्यात वकीलच होता." पाहुण्यांपैकी एकाला आमटीचा ठसका लागला. दुसऱ्यानं, मुलीच्या म्हणण्याप्रमाणे, शेवटच्या कडव्याला हळूच ताल धरला होता.

दुसऱ्या दिवशी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. तिथे प्राचार्य होते, वकीलसाहेब होते आणि संस्थेचे चेअरमन होते. चेअरमनांचा बोअरवेलच्या पंपांचा धंदा. स्वभावानं ते वाईट नव्हते.

"काय हो सर, काय शिकवता तुम्ही पोरास्नी?" चेअरमन म्हणाले.

"अभ्यासक्रमातली गोष्ट, सर. विहिरीची."

"मग विहिरीचं शिकवा की! विहीर म्हणजे विहीर. खोल असते, आत पाणी असतंय. संपलं. आम्ही इतकी वर्षं पंप सोडतोय विहिरीत, आम्हाला कधी काय वाटलं न्हाई."

प्राचार्य एकदम खिडकीकडे बघायला लागले.

वकीलसाहेब मात्र खरोखर दुखावले होते. "माझी आई आहे ती. रोज संध्याकाळी देवापुढे बसते. आम्हाला वाटायचं ती भजनं म्हणते. आणि काल चार लोकांत… अख्खं पाठ आहे तिला! एक शब्द चुकली नाही!" त्यांचा आवाज चिरकला. "मुलींना असलं विचारायला लावणं हा गुन्हा आहे, सर. मी मनात आणलं तर हे कुठपर्यंतही नेऊ शकतो."

ठरलं ते असं. मी एका कागदावर लिहून द्यायचं की मी अश्लील मजकूर शिकवला, विद्यार्थिनींना अश्लील काम सांगितलं, याबद्दल मी माफी मागतो आणि यापुढे असं करणार नाही. कागद शनिवारपर्यंत द्यायचा. दिला तर पुढच्या महिन्यात मला कायम करतील, नाही तर करणार नाहीत. आणि तोपर्यंत ती कथा बंद. मी "होय सर" म्हणालो आणि बाहेर आलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण चेअरमनांच्या समोर मला अप्पांचे पेढे आठवत होते.

संध्याकाळी मी एस.टी.डी. बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि अक्काला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. ती आधी खळखळून हसली.

"गाणी शिकवालास व्हय? असल्या कामाला तुला पगार देत्यात? मग मला घ्या की कालिजात."

"अक्का, हसू नको. नोकरी जाईल."

मग म्हणाली, "अप्पांस्नी आत्ताच सांगू नको. आणि तू शिकलेला हायस, मला काय विचारतोस? तुझ्या बाईंस्नी विचार."

तेच माझ्याही मनात होतं. शुक्रवारी दुपारी मी धारवाडची बस धरली. खरं सांगायचं तर मी सल्ला मागायला जात नव्हतो. शाबासकी घ्यायला जात होतो. बाई म्हणतील, मुळीच लिहून देऊ नकोस, आणि मग मला धीर येईल, असं मी धरूनच चाललो होतो.

बाई निवृत्त होऊन घरी होत्या. चटणीसाठी भाजलेल्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसलो, सगळं सांगितलं. आज्जीचं ऐकताना त्या इतक्या हसल्या की ताटातल्या शेंगा सांडल्या. मी पण हसलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लिहून दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लिहून दे म्हणते. दोन ओळींचं तर काम आहे. कायम झालास की मग काय शिकवायचं ते शिकव."

"बाई, तुम्ही असं म्हणता? तुम्ही तर आम्हाला…"

"मी तुम्हाला एकदा शिकवलं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "तुमच्या वर्गानंतर आठ दिवसांत तक्रार आली होती. त्या शिटी मारणाऱ्याच्या वडिलांची. मला बोलावलं. मी लिहून दिलं."

"काय लिहून दिलंत?"

"तुला लिहायला सांगितलंय तेच. आई अंथरुणाला होती, धाकटा भाऊ शिकत होता. काय करणार होते मी? पुढच्या वर्षीपासून तपासणीचं पान आलं की मीही म्हणायला लागले, मुलींनी लायब्ररीत जाऊन या." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आणि मुली जायच्या रे. एकही विचारायची नाही, का म्हणून."

इतकी वर्षं मी सांगत आलो होतो की आमच्या बाईंनी ती प्रथा मोडली. प्रथा एकच तास मोडली होती आणि त्या तासाला मी वर्गात होतो, एवढंच.

"तू वखारीतल्या हमालाचा मुलगा आहेस," बाई म्हणाल्या. "तुझ्या पाठीमागे कुणी नाही. माझं आजवर ऐकलंस ना? मग हेही ऐक. उद्या सही कर आणि मला पत्रानं कळव. फोन नको, फोनवर मला नीट ऐकू येत नाही आताशा."

मी पाया पडलो. त्यांनी शेंगांची पुडी बांधून दिली. परतीच्या बसमध्ये मी त्या कागदाचा मजकूर मनातल्या मनात रचून पाहिला. 'अश्लील' या शब्दापर्यंत येत होतो आणि अडत होतो. तो शब्द लिहिला की आमच्या मांडवातल्या सगळ्या बायका अश्लील झाल्या. ती आज्जी झाली, मांडवात गाणी म्हणणारी माझी आई झाली. बाईंचा तो तास झाला. आणि व्याही तेवढा स्वच्छ राहिला.

शनिवारी मी गेलो. तिथे काय झालं ते मी त्याच संध्याकाळी बाईंना कळवलं. पत्र आधी कच्चं लिहायचं आणि मग उतरून काढायचं, ही सवय त्यांचीच. त्यामुळे कच्ची प्रत माझ्याजवळ राहिली. शुद्धलेखन तेवढं सुधारून ती खाली देतो.

बाई, नमस्कार.

तुम्ही सांगितलं होतं सही कर आणि कळव. कळवतो आहे. सही केली नाही.

आज सकाळी तिघेही होते. मी एक कागद नेला होता, पण त्यात मी वेगळं लिहिलं होतं. मी कथा शिकवली, ती संपूर्ण शिकवली, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवली, आणि गाणी विचारून यायला मीच सांगितलं. खाली सही. चेअरमननी दोनदा वाचून विचारलं, "ह्याच्यात माफी कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही आहे, सर."

वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही माझ्या आईला बिघडवलं." मी म्हणालो, "साहेब, त्यांना ती गाणी तुमच्या जन्माच्या आधीपासून येतात. मी शिकवली नाहीत. मी फक्त विचारायला सांगितलं. तुम्ही कधीच विचारलं नाहीत." हे बोलायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. पण बाई, ते खरं होतं आणि माझा आवाजही चढला नव्हता. वकीलसाहेबांच्या मुलीनं मला सांगितलं आहे की आज्जी गेले चार दिवस त्यांच्याशी बोलत नाही.

मग चेअरमननी विचारलं, ह्या गोष्टीत घाण नाही तर काय आहे? मी त्यांना शेवट सांगितला. ती विधवा रविवारी चर्चमध्ये येते आणि विहिरीवर राहून गेलेले सगळे पोहरे सगळ्यांसमोर पायऱ्यांवर ओळीनं मांडते. प्रत्येकावर मालकाची खूण आहे. आणि गावातला एकही पुरुष आपला पोहरा उचलायला उठत नाही. मी म्हणालो, घाण कुणाकडे आहे ते दाखवणारी गोष्ट आहे ही. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही व्हय?" मी म्हणालो, "सर, गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यात तुम्हाला कुणी बसवलेलं नाही. बसायचं की नाही ते तुमच्यावर आहे." प्राचार्यांना खोकला आला. तो खरा होता की नाही, मला कळलं नाही.

मला कायम करणार नाहीत. मार्चपर्यंत ठेवतील, कारण मधेच दुसरा माणूस मिळत नाही. मार्चनंतर काय ते मला माहीत नाही. अप्पांना मी उद्या गावी जाऊन तोंडानं सांगणार आहे. अक्काला सांगितलं. ती म्हणाली, भाकरी तर आहेच.

तुमचं ऐकलं नाही याचं वाईट वाटतं, पण मी बदलणार नाही. तुम्ही लिहून दिलंत तेव्हा तुमच्या मागे आजारी आई होती आणि तुमच्या बाजूनं उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या बाबतीत तसं नाही. माझ्या पाठीमागे कुणी नाही असं तुम्ही म्हणालात. बाई, तुम्ही आहात. तुमचा एकच तास झाला असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आधी फार लागलं. मग बसमध्ये वाटलं, एका तासानं माझं सगळं बदललं, तर त्या तासाबद्दल कुणी माफी कशी मागायची? तुमच्या सहीनं तो पुसला गेला नाही. माझ्या सहीनं पुसला गेला असता.

मी एक गोष्ट मागितली आणि ती त्यांनी दिली. कथेची उरलेली पानं शिकवू द्या, अर्धी गोष्ट सोडणं विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, असं मी म्हटलं. वकीलसाहेब नको म्हणाले. प्राचार्य म्हणाले, शिकवू दे. अट एकच, ते स्वतः वर्गात बसून ऐकणार.

तर सोमवारी पहिल्या तासाला सगळ्यांना एकत्र बसवून मी शेवटची पानं घेणार आहे. प्राचार्यांजवळ पुस्तक नसेल तर माझं देईन. मला पाठ आहे.

तुमच्या पायांशी बसून शिकलेला,
तुमचा विद्यार्थी